विटेला विरजण

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. चार दिवस झड लागलेली, सांगलीच्या विश्रामबागेतल्या माझ्या ऑफिसात ओल्या छत्र्यांचा कुबट वास, आणि शेल्फवर टाईल्सच्या सॅम्पलशेजारी ठेवलेल्या माझ्या 'प्रयोगाच्या विटे'ला एक छत्री फुटलेली. खरीखुरी. करड्या रंगाची, कानाच्या पाळीएवढी धिंगरी अळंबी. मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला तर दहा मिनिटांत आज्जीचा व्हॉइस मेसेज, म्हणजे फोन आईनं धरलेला, "अगं भिताडाला अळंबी आली की घर पडायला झालंय म्हणायचो आम्ही. तू मुद्दाम आणलीस व्हय?"

मुद्दामच आणली होती. तर ते कसं झालं ते सांगते.

मी आर्किटेक्ट आहे, सांगलीत. म्हणजे बंगले, दुकानगाळे, कुणाच्या तरी हॉस्पिटलचं पार्किंग आणि वर्षातून एखादं मंगल कार्यालय. लॉकडाऊनमध्ये सगळ्यांनी डालगोना कॉफी केली आणि मी वेबिनार बघितले, त्यातून हे बायो-डिझाईनचं खूळ डोक्यात शिरलं. बुरशीच्या विटा, शेवाळाच्या भिंती, स्वतःची भेग स्वतः बुजवणारं काँक्रीट. या सगळ्याचं जगभर नुसतं पेव फुटलंय. (पेव या शब्दावर पुढं येतेच, सांगलीकरांना कळलं असेल.)

सगळ्यात आधी डोक्यात बसला तो न्यूयॉर्कचा मनोरा. २०१४ साली मोमा पीएस-वन या म्युझियमच्या अंगणात 'द लिव्हिंग' नावाच्या स्टुडिओनं, म्हणजे डेव्हिड बेंजामिननं, साधारण चाळीस फुटी मनोरा उभा केला, दहा हजारांच्या आसपास विटा, आणि या विटा भाजलेल्या नाहीत तर वाढवलेल्या. मक्याची ताटं बारीक करून त्यात बुरशीचे तंतू सोडायचे, साच्यात भरायचं आणि काही दिवस गप्प बसायचं. बुरशी ती ताटं खात खात सगळ्या कणांना एकमेकांत विणून टाकते. उन्हाळा संपल्यावर मनोरा उतरवला आणि विटांचं खत केलं. भट्टी नाही, कोळसा नाही, डबराचा ढीग नाही. जगातल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटच्या वाट्याचा आहे हे माहीत असलेल्या, आणि रोज सिमेंटच्या पोत्यांचा हिशोब करणाऱ्या बाईला हे बघून काय वाटलं असेल ते तुम्हीच समजा.

मक्याऐवजी आमच्याकडं उसाचं चिपाड. ते सांगलीत मागायला लागत नाही, नको म्हणायला लागतं. एका गुऱ्हाळावरून दोन पोती आणली, धिंगरीचं बियाणं आणलं (पुस्तकात स्पॉन म्हणतात, पण अळंबीवाले सरळ बियाणंच म्हणतात), चिपाड बारीक केलं, लग्नातल्या पातेल्यात उकळलं आणि पसरून निथळत ठेवलं. मूठ दाबली तर पाणी गळू नये पण तळव्याला ओल लागावी, एवढंच ओलं पाहिजे. या एका वाक्यावर सगळं अवलंबून आहे आणि ते मला तिसऱ्या खेपेला कळलं. साचे म्हणून आईस्क्रीमचे फॅमिली पॅकचे डबे.

पाच डबे लावले, महिना मे, बाहेर चाळीस डिग्री. तीन डब्यांत हिरवी बुरशी आली, ती ट्रायकोडर्मा, पिकाचा रोग आवरायला शेतकरी जी पैसे देऊन विकत घेतो ती मला फुकट मिळाली आणि तिनं धिंगरीला खाऊन टाकलं. चौथ्या डब्याचा वास असा की नवऱ्यानं तो रात्री हळूच कचऱ्याच्या गाडीसाठी बाहेर ठेवला. पाचवा मात्र! बाराव्या दिवशी झाकण काढलं तर आत चिपाड दिसतच नव्हतं, सगळीकडून पांढरं, दुधावर साय धरावी तसं, हात लावला तर मऊ कातडं. डब्यातून काढली तर वीट अख्खी निघाली, कोपरे शाबूत. टकटक केलं तर आवाज थर्माकोल आणि लाकूड यांच्या मधला कुठलातरी. वजन करायला बाजूला भाजलेली वीट ठेवली, ती तीन किलोला टेकलेली, ही चारशे ग्रॅमसुद्धा नाही.

आता इथं इंजिनिअर मंडळी विचारणार, स्ट्रेंथ किती. बरोबर आहे. आपल्या आय.एस. कोडात, म्हणजे भारतीय मानकात, सगळ्यात हलक्या प्रतीच्या भाजलेल्या विटेलासुद्धा चौरस मिलिमीटरला साडेतीन न्यूटन दाब सोसायला लागतो, आणि अशा बुरशीच्या विटा त्याच्या दहाव्या हिश्श्यालाही पोचत नाहीत. म्हणजे भार घेणारी भिंत विसरा. आवाज अडवायला, उष्णता अडवायला, पॅकिंगला उत्तम. अमेरिकेतली इकोव्हेटिव्ह कंपनी, जिनं त्या मनोऱ्याच्या विटांचं तंत्र दिलं, तिचा सुरुवातीचा मोठा धंदा थर्माकोलला पर्याय म्हणून पॅकिंगचाच होता.

वीट तयार झाली की ती भाजावी, निदान कडक वाळवावी लागते, म्हणजे आतली बुरशी मरते आणि वाढ थांबते. मी ती ओटीजीत ठेवली आणि तासाभरात लाईट गेली. आली तेव्हा मी साईटवर. वरून वाळलेली दिसली म्हणून शेल्फवर ठेवून दिली. आत ती जिवंतच होती, पावसाची वाट बघत बसलेली, बाकी तुम्हाला माहीत आहे.

आज्जीनं मात्र त्या फोटोवरून वेगळाच धागा काढला. रविवारी गावी गेले तर म्हणाली, "ही काय अळंबी, अळंबी वारुळाची." आमच्या बांधावर पुरुषभर उंचीचं वारूळ आहे, आमच्या आधीपासूनचं, नागपंचमीला त्याला हळदकुंकू आणि लाह्या. पहिल्या पावसानंतर त्याच्या भोवती जी अळंबी उगवते ती वाळवीनं आत पोटात पिकवलेली बुरशी असते. वाळवीला पालापाचोळा नीट पचत नाही, म्हणून ती तो बुरशीला खायला घालते आणि मग बुरशी खाते. म्हणजे मी आईस्क्रीमच्या डब्यात जे करायला बघत होते ते बांधावर काळ्या आईच्या पोटात कधीपासून चालू आहे, आणि तिथं ट्रायकोडर्माचं काही चालत नाही कारण कामकरी वाळव्या चोवीस तास निवडत बसलेल्या असतात.

वारूळ म्हटलं की आमच्या धंद्यात एकच नाव निघतं, हरारेचं ईस्टगेट सेंटर. झिम्बाब्वेत १९९६ साली मिक पीअर्सनं बांधलं. नेहमीचा एसी नाही, रात्री थंड हवा जाड काँक्रीटमधून खेळवायची, दिवसा तोच गारवा वापरायचा आणि गरम हवा धुराड्यांतून वर सोडून द्यायची. वाळवी वारूळ असंच थंड ठेवते, आम्ही तिची नक्कल केली, अशी ही गोष्ट कॉलेजात मी स्वतः प्रेझेंटेशनमध्ये सांगितलेली आहे, टाळ्या घेतलेल्या आहेत. पुढं स्कॉट टर्नर आणि रूपर्ट सोअर या दोघा संशोधकांनी दाखवलं की वारूळ मुळात तसं चालतच नाही. आतलं तापमान जमिनीबरोबर वरखाली होत राहतं, वारुळाचं खरं काम श्वास घेण्याचं, म्हणजे आत कोंडलेला वायू बाहेर टाकायचं. तरी ईस्टगेट थंड राहतंच! गैरसमजातून बांधलेली बिल्डिंग बरोबर चालते हे मला फार आवडतं, आमच्या धंद्यात उलटं जास्त होतं.

आणि २०१५ मध्ये हार्वर्डच्या एल. महादेवन यांच्या गटानं बेंगळुरूकडच्या वारुळांत बारीक सेन्सर घालून हवा मोजली, आणि ही वाळवी तीच, ओडोंटोटर्मिस ओबेसस, जी आपल्याकडं बांधावर वारूळ करते. दिवसा वारुळाची बाहेरची कडा लवकर तापते, मधला पोकळ भाग मागं राहतो, म्हणून हवा कडेनं वर आणि मधून खाली. रात्री कडा आधी गार होते आणि सगळं चक्र उलटं फिरतं. पंखा नाही, मोटर नाही, नुसता दिवसरात्रीतला फरक. पुन्हा रात्री कुणी बटण दाबायला नको.

माझा भाचा सात वर्षांचा, त्यानं त्या दिवशी काठीनं वारुळाचं एक टोक फोडलं (आज्जीचा एक धपाटा खाल्ला). आत स्पंजासारखी भोकं, पांढऱ्या वाळव्या सैरावैरा. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर त्या जागी ओल्या मातीचं ताजं बूच, बाकीच्या वारुळापेक्षा रंगानं गडद, बोट लावलं तर गार. रात्रीत. टेंडर नाही, कोटेशन नाही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रथम आलं की आम्ही वारुळाचा आकार बघतो, भोकं मोजतो, आणि ही जी रात्रपाळी आहे ती आमच्या ड्रॉईंगमध्ये कुठंच नसते.

मग मी उत्साहात आज्जीला अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या विटेचं सांगितलं. २०२० साली तिथल्या विल स्रूबार यांच्या गटानं वाळू, जिलेटिन आणि एक हिरवा सूक्ष्मजीव, सायनोबॅक्टेरिया, एकत्र करून वीट केली. तो जीव वाळूच्या कणांमध्ये चुनखडी धरतो. गंमत अशी की वीट अर्धी कापा, त्यात नवी वाळू, नवं खाद्य घाला, एकाच्या दोन होतात. त्यांनी तीन पिढ्यांत एका विटेच्या आठ केल्या. आज्जी शेंगा फोडत होती, हात न थांबवता म्हणाली, "म्हंजे विरजण की."

विरजण! मी तीन वर्षं याला सोपा मराठी शब्द शोधत होते.

"पण विरजण रोज बघावं लागतंय," पुढचा प्रश्न लगेच आला, "उन्हाळ्यात आंबतंय, थंडीत लागत नाही. तुझ्या भिताडाचं कोण बघणार?"

आणि खरंच, त्या विटेचं दुखणं तेच आहे. जीव टिकवायचा तर हवेत ओल पाहिजे, ताकद यायची तर वीट वाळली पाहिजे. दोन्ही एकदम होत नाही. त्यांना मधला कुठलातरी मार्ग काढायला लागला.

आज्जीचा प्रश्न मला लागला कारण तो तिच्या हातांनी विचारलेला होता. तिचं आयुष्य धाब्याच्या घरात गेलं. पांढऱ्या मातीच्या दीड हात जाड भिंती, वर लाकडं, त्यावर पाला, त्यावर पुन्हा पांढरी. (जुन्या लोकांत गावठाणालाच पांढरी म्हणायचे आणि शेताला काळी. पांढरी माती म्हणजे पिढ्यान् पिढ्यांची पडलेली घरं, राख, कुजलेलं गवत. म्हणजे रीसायकलिंग म्हणायचं तर हेच, आणि कुणी त्याचं सर्टिफिकेट मागितलं नाही.) हे घर उन्हाळ्यात असं गार की दुपारी बाहेरून आलं की डोळ्यापुढं अंधारी. आम्ही आर्किटेक्ट त्याच्यावर भरभरून लिहितो. पण मृगाच्या आधी धाब्यावर माती टाकून चोपायची कुणी, आठवड्याला जमीन सारवायची कुणी, दिवाळीच्या तोंडावर भिंतींचे पोपडे काढून पुन्हा लिंपायचं कुणी? रात्री गळायला लागलं तर कंदील घेऊन वर कोण? आजोबा भजनाला. आज्जीच्या उजव्या हाताची बोटं आजही पूर्ण उघडत नाहीत. "स्लॅब टाकला त्या दिवशी मी आख्ख्या गल्लीत पेढे वाटले," असं ती सांगते आणि मी दरवेळी गप्प बसते, कारण माझ्या लॅपटॉपवर 'सिमेंटनं आपलं काय नुकसान केलं' अशी स्लाईड असते.

जर्मनीत हॅम्बर्गमध्ये २०१३ साली एक घर झालं, बी-आय-क्यू नावाचं, त्याच्या उन्हाच्या दोन बाजूंना काचेच्या १२९ पेट्या आणि पेट्यांत हिरवं शेवाळाचं पाणी, हवेचे बुडबुडे सोडून सतत ढवळलेलं. ऊन वाढलं की शेवाळ वाढतं, सावली आपोआप दाट होते, त्यातून उष्णता मिळते आणि शेवाळ काढून त्यापासून गॅस करता येतो. फोटो बघितले की जीव हरखतो. पण 'शेवाळ काढून' हे दोन शब्द वाचताना मला आता आज्जी दिसते. तिथं ते पंप आणि पाईप करतात, ठीक आहे, मग पंपाचं कोण करतं? भारतात आणलं तर तो वॉचमन करणार, सिमेंटच्या टाकीवर चढून ब्लीचिंग पावडर टाकणारा तोच माणूस, आणि पहिल्याच दिवशी तो या पेट्यांतही ब्लीचिंग टाकणार याबद्दल मी पैज लावायला तयार आहे.

पेवाचं राहिलं. सांगलीच्या बाहेर, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ हरिपूर, तिथं आणि सांगलवाडीत जमिनीत हळदीची पेवं. वरून तोंड अरुंद, आत रांजणासारखा पोटाचा खड्डा, हळद भरायची, तोंड मातीनं लिंपून बंद करायचं. इथली माती अशी चिवट की वरचं पाणी आत झिरपत नाही. आत हळद हवेतला प्राणवायू संपवते, मग कीड जगत नाही, आणि माल वर्षानुवर्षं टिकतो. उघडल्यावर लगेच कुणी उतरत नाही. आधी दिवा सोडतात, दिवा विझला तर माणूसही विझेल. भिंतीला एक यंत्र नाही आणि तरी आतली हवा 'कंट्रोल' केलेली, कोल्ड स्टोरेजवाल्यांना विचारा या शब्दाचा रेट काय आहे. मला कुणी सांगलीतलं बायो-आर्किटेक्चर दाखव म्हटलं तर मी त्याला हरिपूरला नेईन. फक्त काय दाखवणार हा प्रश्न आहे, २००५ च्या पुरात पाणी आत गेलं आणि कितीतरी पेवं कायमची गेली. मातीनं हजार पाऊस सोसले पण नदी अंगावर आलेली सोसली नाही.

पुराचं बोलायचं तर २०१९. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. नदीकाठच्या माझ्या मावशीच्या घराची मागची भिंत पांढरीची होती, पुढचं सगळं नवं. पाणी उतरल्यावर चिखल उपसायला गेलो तर पुढची खोली उभी, ओली, घाण, पण उभी. मागची भिंत बसली होती. पडली नव्हती, बसली होती, विरघळलेल्या पेंडीसारखी जागच्या जागी, आणि तिच्यातून दिवाळीचे जुने रंग थरथरानं दिसत होते, निळा, मग गुलाबी, मग पुन्हा निळा. मावशी त्या थरांकडं बघत एवढंच म्हणाली, "हा निळा तुझ्या आईच्या लग्नातला." तेव्हापासून माती चांगली की सिमेंट चांगलं असल्या चर्चांत मी सहसा पडत नाही. माती कुठं, किती उंचीवर, आणि तिच्याजवळ राहणारं कोण, एवढं विचारते.

म्हणून त्यातल्या त्यात मला नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या हेंक योंकर्सचं काम जवळचं वाटतं. काँक्रीट करतानाच त्यात बॅक्टेरियाचे बीजाणू आणि त्यांचं खाणं, कॅल्शियम लॅक्टेट, घालून ठेवायचं. ते झोपून राहतात. भेग पडली, पाणी आत गेलं, की जागे होतात, खातात आणि चुनखडीनं भेग भरतात. विरजण आहे पण रोज बघावं लागत नाही, भेग पडली तरच उठतं. महाग आहे, मोठी भेग भरत नाही, हे सगळं आहेच. पण कुणाच्या तरी बोटांवर ते टाकलेलं नाही. चुन्याच्या जुन्या कामातही थोडं हेच घडायचं, भेगेत पाणी गेलं की मोकळा चुना विरघळून पुन्हा तिथंच धरायचा. आपल्याकडं घाण्यात चुना मळताना गूळ आणि हिरड्याचं पाणी घालायचे, आणि वेरूळच्या लेण्यांतल्या गिलाव्यात भांगेचं काड मिसळलेलं आहे हे २०१६ मध्ये छापून आलंय. आपले गवंडी शुद्धीवर होते की नाही असला विनोद मी साईटवर केला, कुणी हसलं नाही.

सध्या तासगावकडं एका द्राक्षबागायतदाराचं काम चालू आहे. रील बघून आले होते, "मॅडम, मळ्यातली खोली मातीचीच पाहिजे." मी खूश. निघताना दारात थांबून, "फक्त मेंटेनन्स झिरो पाहिजे हं." मी त्यांना परत खुर्चीवर बसवलं आणि दोन तास बोललो. शेवटी ठरलं ते असं, तीन फूट काळ्या दगडाचं जोतं, वर मातीची भिंत, बाहेरून चुन्याचा गिलावा, पत्र्याला अडीच फूट पागोळी म्हणजे पाऊस भिंतीला लागणारच नाही, आणि आतून सारवण नाही, फरशी. मिसेसना विचारलं का म्हणून मी विचारलं तर म्हणाले, त्यांनीच तर फरशी सांगितली.

मातीसाठी खड्डा केलाय, गावठाणातली पांढरी, गव्हाचं काड, शेण, पाणी, आणि वर प्लास्टिकचा कागद. कुजवत ठेवलंय. त्या खड्ड्यात आत्ता किती कोटी जीव कामाला लागलेत देव जाणे, त्यांच्यासाठी माझ्याकडं सेन्सर नाही, म्हणून गेल्या शनिवारी आज्जीला गाडीत घालून नेलं. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवली. कागद उचलला, वास आला, गवंड्यानं नाक धरलं. तिनं वाकून उघडणार नाहीत त्या बोटांनी एक गोळा काढला, तळव्यात दोनदा थापला आणि शेजारच्या शेडच्या भिंतीवर फेकला.

गोळा क्षणभर चिकटला आणि गळून खाली पडला.

"अजून आठ दिस," आज्जी म्हणाली आणि हात धुवायला पाणी मागितलं. गवंडी माझ्याकडं बघायला लागला, सोमवारपासून त्याचे चार माणूस लावलेले. मी कागद परत ओढून घेतला आणि कडेनं दगड ठेवले.